मोझेलच्या काठाने

फ्रान्समधील व्होज पर्वतात उगम पावणारी मोझेल नदी सुमारे 545 किलोमीटरांचा प्रवास करून जर्मनीतील कोब्लेन्त्स येथे ऱ्हाईन नदीला मिळते. ट्रियर ते कोब्लेन्त्स हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजले तर जेमतेम शंभर किलोमीटर भरते. नदी मात्र वळसे घेत घेत त्याच्या जवळजवळ दुप्पट वाट चालते. या वळणावळणांवर, पाण्याच्या काठापासून डोंगरमाथ्यापर्यंत, द्राक्षाचे मळे आहेत. रोमन काळापासून येथे ही लागवड होत आली आहे.

या खोऱ्याची जगभरची ख्याती मद्यामुळे आहे. ज्या घरांत मद्य वर्ज्य आहे, त्या घरांतील प्रवाशाने तेथे काय पाहावे, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर असे, की मोझेलच्या काठी दोन हजार वर्षांचा व्यापार दगडात, दप्तरात आणि दानपत्रात जसाच्या तसा वाचावयास मिळतो. कोणत्या पेढ्या टिकल्या, कोणत्या बुडाल्या, कर्जाने गावे कशी बसली आणि पतपेढ्यांनी ती कशी उभी राहिली, हे सारे एका आठवड्याच्या प्रवासात क्रमाने समोर येते. व्यापारी घरातील माणसाला यापेक्षा जवळचा विषय कोणता असेल?

प्रवासाची आखणी

हे खोरे पाहण्यास मोटारीपेक्षा आगगाडी, सायकल आणि पाय ही तीन साधने अधिक सोयीची आहेत. ट्रियर ते कोब्लेन्त्स ही प्रादेशिक गाडी सुमारे दीड तासात जाते आणि वाटेत अनेक लहान गावी थांबते. नदीकाठाने जाणारा सायकलमार्ग फ्रान्समधील मेट्सपासून कोब्लेन्त्सपर्यंत आहे. तो बहुतेक ठिकाणी सपाट असल्यामुळे साठीतील माणसालाही झेपतो. भाड्याने सायकली, विजेवर चालणाऱ्याही, मोठ्या गावांत मिळतात. पायी चालणाऱ्यांसाठी 2014 मध्ये खुली झालेली 'मोझेलश्टाइग' ही 365 किलोमीटरांची वाट आहे. तिचे 24 टप्पे केलेले असून कोणताही एक टप्पा निवडून चालता येते.

आहाराचा विचार आधीच करावा. जर्मनीतील शाकाहारी पदार्थांत बटाटा, कांदा आणि अळंबी यांचाच भरणा असतो, त्यामुळे कंदमुळे न खाणाऱ्यांनी उपाहारगृहावर विसंबून राहू नये. येथे गावोगावी स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारी सुट्टीची घरे असतात. चार-सहा जणांच्या कुटुंबाला ती हॉटेलपेक्षा स्वस्तही पडतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असणाऱ्यांना उन्हाळा फारच अनुकूल आहे, कारण जूनअखेर येथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो. बहुतेक मळेवाल्यांकडे द्राक्षाचा ताजा, न आंबवलेला रसही विक्रीस असतो. रस गाळून स्वच्छ करण्यासाठी काही ठिकाणी जिलेटिन वापरले जाते, म्हणून बाटलीवर 'वेगन' असा उल्लेख पाहूनच ती घ्यावी.

कापडव्यापाऱ्यांचा स्तंभ

ट्रियर हे जर्मनीतील सर्वांत प्राचीन नगरांपैकी एक. काळ्या पडलेल्या वालुकाश्माचा 'पोर्टा निग्रा' हा रोमन दरवाजा सर्वच प्रवासी पाहतात. व्यापारी वाचकाने मात्र आणखी आठ-नऊ किलोमीटर पुढे, लक्झेंबर्गच्या दिशेला असलेल्या इगल या खेड्यात अवश्य जावे. तेथे रस्त्याच्या कडेला 23 मीटर उंचीचा एक दगडी स्तंभ उभा आहे. तो कोणा सम्राटाचा किंवा सेनापतीचा नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सेकुंदिनी नावाच्या कापडव्यापारी घराण्याने आपल्या कुळाच्या स्मरणार्थ तो उभारला.

स्तंभाच्या चारही बाजूंस त्या घराण्याचा धंदा कोरलेला आहे. कापडाचा नमुना तपासणारी माणसे, मालाचे गठ्ठे, ओझी वाहणारी जनावरे, दोराने ओढली जाणारी नाव, ही दृश्ये पाहताना दोन हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही. मधल्या काळात रोमन स्मारकांचे दगड लोकांनी बांधकामासाठी उचलून नेले. हा स्तंभ वाचला तो एका गैरसमजामुळे. त्यावरील चित्रे सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याची माता हेलेना यांच्याशी संबंधित आहेत असे मध्ययुगातील लोक समजले, आणि म्हणून त्यांनी त्याला हात लावला नाही. व्यापाऱ्याची कीर्ती सम्राटाच्या नावाने तगली!

ट्रियरच्या वस्तुसंग्रहालयातही असेच एक शिल्प आहे. नॉयमागेन गावी सापडलेल्या या कोरीव दगडावर मेजावर नाणी मोजणारी माणसे दिसतात आणि एकाच्या हातात हिशेबाची वही आहे. त्याच गावचे दुसरे प्रसिद्ध शिल्प म्हणजे पिंपांनी भरलेली दगडी नाव. ती एका मद्यव्यापाऱ्याच्या समाधीवर होती.

जकात उठली आणि भाव कोसळला

ट्रियरमध्येच 5 मे 1818 रोजी कार्ल मार्क्सचा जन्म झाला. त्याचे घर आता संग्रहालय आहे. त्याच्या विचारांशी व्यापारी समाजाचे पटण्याचे कारण नाही. त्याला अर्थशास्त्राकडे वळवणाऱ्या घटनांपैकी एक मात्र याच खोऱ्यातील असल्यामुळे ती समजून घेण्यासारखी आहे.

1815 नंतर हा प्रदेश प्रशियाच्या राज्यात आला. 1818 च्या कायद्याने बाहेरच्या मद्यावर जकात बसली आणि प्रशियाची मोठी बाजारपेठ मोझेलच्या शेतकऱ्याला जणू राखीव मिळाली. भाव चढले. शेतकऱ्यांनी कर्जे काढून नवे मळे लावले. पुढे 1828 मध्ये हेसन राज्याशी जकातीचा करार झाला, 1834 मध्ये जर्मन राज्यांचा जकातसंघ अस्तित्वात आला आणि दक्षिणेकडचा स्वस्त माल जकातीशिवाय येऊ लागला. भाव कोसळले, कर्ज मात्र तसेच राहिले. कित्येक कुटुंबांनी घरदार विकून अमेरिकेची वाट धरली. जानेवारी 1843 मध्ये 24 वर्षांच्या मार्क्सने आपल्या वृत्तपत्रात या शेतकऱ्यांच्या हलाखीवर लेखमाला लिहिली. त्याच वर्षी मार्चअखेर सरकारने ते वृत्तपत्र बंद पाडले.

संरक्षित बाजारपेठेतील भाव कायमचा धरून कर्ज काढणे किती धोक्याचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

पीस्पोर्टचे नाव

ट्रियरहून सायकलने निघालेला प्रवासी नदीच्या काठाने पीस्पोर्ट गावी येतो. येथे नदी एक मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेते आणि दक्षिणेकडे तोंड केलेला डोंगराचा कडा नाट्यगृहाच्या पायऱ्यांसारखा तिच्याभोवती उभा राहतो. जमीन पाटीच्या काळसर दगडाची आहे. हा दगड दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. म्हणूनच इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकते. या कड्यावरील मालाला शतकानुशतके मोठा भाव मिळत आला.

1971 मध्ये जर्मनीत मद्याविषयी नवा कायदा झाला. त्याने गावाच्या नावाखाली विस्तृत क्षेत्रे जोडण्यास मुभा दिली. परिणामी पीस्पोर्टचे नाव असलेल्या कितीतरी बाटल्यांत आसपासच्या सपाट जमिनीवरील सामान्य माल भरला जाऊ लागला. विक्री वाढली, दूरच्या देशांत नाव पोहोचले. मात्र ग्राहकाच्या मनात पीस्पोर्ट म्हणजे स्वस्त आणि गोड मद्य असे समीकरण पक्के झाले आणि त्याची झळ कड्यावर राबणाऱ्या प्रामाणिक शेतकऱ्याला बसली. 1985 मध्ये ऑस्ट्रियात उघडकीस आलेल्या ग्लायकॉलच्या भेसळीचे धागे जर्मनीपर्यंत पोहोचले, तेव्हा उरलासुरला विश्वासही डळमळला. पिढ्यांनी जमवलेली पत एका पिढीत खर्ची पडली. अलीकडच्या काळात अनेक मळेवाल्यांनी कमी आणि चोख माल देण्याचा मार्ग धरून ती हळूहळू परत मिळवण्यास आरंभ केला आहे.

कूसचे दानपत्र

ट्रियरपासून नदीकाठाने सुमारे 60 किलोमीटरांवर बेर्नकास्टेल-कूस हे जोडगाव आहे. पूर्वकाठच्या बेर्नकास्टेलमधील लाकडी चौकटींची जुनी घरे पाहण्यासाठी पर्यटकांची झुंबड उडते. 1416 मधील एक घर तर खाली अरुंद आणि वर रुंद असे, एका पायावर उभ्या असलेल्या माणसासारखे दिसते. या प्रवासातील सर्वांत मोलाची वास्तू मात्र पूल ओलांडल्यावर, कूसच्या बाजूस आहे.

येथे 1401 मध्ये एका सधन नावाड्याच्या घरी निकोलाउस जन्मला. पुढे तो चर्चमध्ये कार्डिनल या पदाला पोहोचला आणि युरोपातील मोठा तत्त्वचिंतक म्हणून गणला गेला. सत्य पूर्णपणे मानवी बुद्धीच्या कवेत येत नाही, आपल्या ज्ञानाची मर्यादा जाणणे हेच खरे ज्ञान, हा त्याच्या 1440 मधील प्रसिद्ध ग्रंथाचा आशय. 1453 मध्ये त्याने धर्माधर्मांतील शांततेवर एक संवाद लिहिला. त्यात ग्रीक, अरब, ज्यू यांच्याबरोबर एक भारतीयही बोलतो. निकोलाउसचा सिद्धान्त अखेर ख्रिस्ती चौकटीतलाच आहे, तरीही जैन वाचकाला तेथे अनेकान्तवादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच निकोलाउसने 1458 मध्ये आपल्या जन्मगावी निराधार वृद्धांसाठी एक आश्रम स्थापन केला. पन्नाशी ओलांडलेल्या 33 पुरुषांची सोय करावी, त्यांत सहा धर्मोपदेशक, सहा उमराव आणि 21 सामान्य जन असावेत, असे त्याने लिहून ठेवले. खर्चासाठी घराण्याची जमीन आणि मळे संस्थेच्या नावे केले. आपला ग्रंथसंग्रहही तेथेच ठेवला. 300 हून अधिक हस्तलिखिते आजही त्या इमारतीत आहेत. 1464 मध्ये तो इटलीत वारला. त्याचा देह रोममध्ये आहे, हृदय मात्र या आश्रमाच्या प्रार्थनामंदिरात पुरलेले आहे.

साडेपाचशेहून अधिक वर्षे लोटली. राज्ये बदलली, नाणी बदलली, फ्रेंच राजवटीत या भागातील मठांच्या जमिनी जप्त होऊन लिलावात निघाल्या, दोन महायुद्धे झाली. कूसचा आश्रम आजही वृद्धाश्रम म्हणूनच चालू आहे आणि त्याचे मळेही कसले जातात. त्या मळ्यांचे उत्पन्न मद्याचे आहे, ही गोष्ट आपल्या वाचकाला बोचेल आणि ती बोचणे योग्यच आहे. साधनशुद्धीचा आग्रह बाजूला ठेवण्याची गरज नाही. तरीही दानपत्र कसे लिहावे, हे येथून घेण्यासारखे आहे. नुसती रक्कम न देता कायम उत्पन्न देणारी मालमत्ता नेमून दिली, लाभार्थी कोण हे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले, आणि संस्थेचा हेतू एकच ठेवला. आपल्याकडील कितीतरी धर्मशाळा आणि पांजरपोळ दात्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत वादांत सापडतात. त्यांच्या विश्वस्तांनी कूसच्या अंगणात घटकाभर बसावे, ही सूचना अनाठायी ठरू नये.

पेढ्यांचे गाव

बेर्नकास्टेलहून त्राबेन-त्रारबाखला नदीकाठाने जावे तर सुमारे 24 किलोमीटर पडतात. मधला डोंगर पायवाटेने ओलांडला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. चढ दमवणारा आहे, परंतु माथ्यावरून एकच नदी दोन्ही बाजूंस दिसते, हा अनुभव घेण्यासारखा आहे.

सन 1900 च्या सुमारास त्राबेन-त्रारबाख हे मद्याच्या व्यापारात फ्रान्समधील बोर्दोच्या खालोखाल मानले जात असे. त्या काळी मोझेलचा उत्तम माल लंडनच्या बाजारात बोर्दोच्या बरोबरीने विकला जाई. श्रीमंत पेढीवाल्यांनी बर्लिनचे वास्तुकार ब्रुनो म्योरिंग यांना बोलावून हवेल्या, हॉटेल आणि पुलाचे भव्य द्वार बांधून घेतले. घरांच्या खाली तळघरांचे जाळे पसरले. मग पहिले महायुद्ध आले आणि परदेशी बाजारपेठा तुटल्या. 1920 पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. पाठोपाठ जागतिक मंदी आली. एका पिढीच्या आत बहुतेक पेढ्यांची दारे बंद झाली. मार्च 1945 मध्ये पूलही उडवला गेला. त्याचे द्वार तेवढे उरले आहे.

म्योरिंग यांनी 1907 च्या सुमारास बांधलेल्या एका पेढीच्या विस्तीर्ण इमारतीत आज बुद्धमूर्तींचे संग्रहालय आहे. आशियाच्या निरनिराळ्या देशांतून आणलेल्या सुमारे 2000 मूर्ती तेथे मांडल्या आहेत. जेथे पिंपे घरंगळत होती, तेथे आता ध्यानस्थ मूर्ती बसल्या आहेत. श्रमण परंपरेच्या वाचकाला या दालनांत परकेपणा वाटत नाही.

उतारावरचे कष्ट

त्राबेन-त्रारबाखहून लहानशी गाडी सुमारे दहा किलोमीटरांवरील बुलाय स्थानकात मुख्य मार्गाला आणून सोडते. 1879 मध्ये सुरू झालेला हा मुख्य मार्ग अभियांत्रिकीचा नमुना आहे. बुलायच्या पुलावर आगगाडी वरून आणि रस्ता खालून जातो. कोखेमजवळ नदीचा वीस किलोमीटरांहून मोठा वळसा टाळण्यासाठी 4,205 मीटर लांबीचा बोगदा खोदला आहे. गाडीत बसलेला प्रवासी काही मिनिटांत पलीकडे निघतो, सायकलवाल्याचा मात्र त्यात अर्धा दिवस जातो. वेळ असेल तर वळसाच घ्यावा.

कारण त्या वळशात ब्रेम गावाजवळचा काल्मोंट आहे. हा युरोपातील सर्वांत तीव्र चढाचा द्राक्षमळा मानला जातो. काही ठिकाणी त्याचा उतार 65 अंशांच्या घरात जातो. नाशिक-तासगावकडे वेल मांडवावर चढलेला असतो. येथे प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधून त्याच्या फांद्या बदामाच्या आकारात वाकवतात, म्हणजे मजुराला उतारावर वर-खाली न चढता आडव्या दिशेनेही फिरता येते. यंत्र येथे चालत नाही. एका रुळावरून दात्यांच्या चाकाने चढणारी चिमुकली गाडी तेवढी माणसे आणि टोपल्या वर नेते. सपाट जमिनीपेक्षा अनेक पट श्रम लागतात आणि भाव त्या प्रमाणात मिळतोच असे नाही. साहजिकच पुढची पिढी शहराकडे जाते. 1990 च्या सुमारास या खोऱ्यात 12,000 हेक्टरांच्या घरात मळे होते; आज ते 9,000 च्या खाली आले आहेत. काल्मोंटच्या शिड्या आणि लोखंडी दोर असलेल्या वाटेवरून चालताना कसलेल्या मळ्याशेजारी झुडुपांनी व्यापलेला ओसाड पट्टा पदोपदी दिसतो. वडिलांची दुकाने मुलांनी पुढे चालवावीत की नाही, हा प्रश्न घरोघरी भेडसावत असलेल्या वाचकांना त्या पट्ट्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

वाटणी झाली, किल्ला राहिला

कोखेमचा डोंगरी किल्ला 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला. 1868 मध्ये बर्लिनच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने ते अवशेष विकत घेऊन तो नव्याने बांधला. त्यापुढे मोझेलकेर्न स्थानकावर उतरून ओढ्याकाठच्या दाट झाडीतून तास-दीड तास चालले, की एल्त्सचा किल्ला समोर येतो. पूर्वीच्या 500 मार्कांच्या नोटेवर याचेच चित्र असे.

हा किल्ला आठशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे आहे. 1268 मध्ये भावांची वाटणी झाली आणि तीन शाखा निर्माण झाल्या. त्यांनी किल्ला तोडला नाही. एकाच अंगणाभोवती प्रत्येक शाखेने आपापली निवासस्थाने उभारली आणि एकत्र राहण्याचे नियम, दुरुस्तीचा खर्च व भांडण मिटवण्याची रीत लेखी कराराने ठरवली. 1815 मध्ये एका शाखेने इतरांचा हिस्सा घेतला, तोपर्यंत ही व्यवस्था चालली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळताना पाहणाऱ्यांना या अंगणाचे महत्त्व वेगळे वाटेल.

कोब्लेन्त्सपासून पुढे

कोब्लेन्त्स येथे मोझेल ऱ्हाईनला मिळते आणि बहुतेकांचा प्रवास संपतो. आणखी अर्धा दिवस हाती असेल तर ऱ्हाईनच्या काठाने थोडे उत्तरेला असलेल्या नॉयवीड नगरात जावे. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन यांची ही कर्मभूमी.

राइफायझेन यांचा जन्मही 1818 चाच, मार्क्सच्या पाच आठवडे आधीचा. 1846-47 च्या दुष्काळात ते जवळच्या खेड्यांचे महापौर होते. शेतकरी चढ्या व्याजाच्या कर्जात रुतलेला त्यांनी पाहिला. प्रथम त्यांनी दात्यांच्या मदतीने पीठ उधारीवर वाटले. पुढे त्यांच्या लक्षात आले, की दान संपते आणि गरज उरते. 1864 मध्ये हेडेसडोर्फ येथे त्यांनी शेतकऱ्यांचीच पतसंस्था काढली. सभासद एकमेकांना ओळखणारे, क्षेत्र लहान, जबाबदारी सर्वांची मिळून आणि राखीव निधी कोणालाही वाटून न घेता येणारा, ही तिची सूत्रे. चारच वर्षांनी, 1868 मध्ये, जवळच्या आर नदीच्या खोऱ्यात मायशोस येथील द्राक्ष उत्पादकांनी आपली सहकारी संस्था उभारली. ती आजही चालू आहे.

मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी 1895 ते 1897 या काळात दिलेल्या आपल्या अहवालात याच पद्धतीची शिफारस केली. त्या विचारातून 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात आला. महाराष्ट्रातील गावोगावच्या सोसायट्यांचे मूळ असे या दोन नद्यांच्या संगमाजवळ पोहोचते.

एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच प्रदेशातील दोघांनी कर्जबाजारी शेतकऱ्याचे एकच दुःख पाहिले. एकाने त्यावर जग हलवणारे ग्रंथ लिहिले, दुसऱ्याने खेड्यात खातेवही उघडली. ट्रियरचे घर आणि नॉयवीडचे नगर ही दोन टोके धरून मधले खोरे पाहिले, म्हणजे मोझेलचा प्रवास पुरा होतो. परतीच्या सामानात बाटली नसली तरी काही बिघडत नाही. घरी आल्यावर आपल्या ट्रस्टचे दानपत्र आणि भावांमधील करारनामा कपाटातून काढून एकदा शांतपणे वाचला, तरी प्रवासखर्च वसूल झाला असे समजावे.